घेतलेला राजीनामा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा नाही — देवाला सगळं ठाऊकच असतं म्हणतात, मग त्याला वेगळं सांगायचं कशाला? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आधीच बजावते, मी डोळ्याला पदर लावून बसलेली नाही. केलं ते केलं. शुद्धीत केलं, भर दुपारी, चहाचा कप समोर ठेवून केलं.

बारामतीच्या एमआयडीसीत तेव्हा नवेनवे कारखाने उभे राहत होते. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार. आमचा कारखाना पशुखाद्याचा. मालक पुण्याचे. मी तिथं पर्सोनेल खात्यात — बी.कॉम. केलेलं, वर एलएल.बी., आणि करारातलं इंग्रजी पहिल्या वाचनात समजणारी अख्ख्या ऑफिसात मी एकटी. मला याचा माज होता. होता कसला, अजून आहे.

रघुनाथ तात्या आमचे प्लान्ट मॅनेजर. इंदापूर तालुक्यातले. आजोबांपर्यंत मेंढरं राखणारं घर, तात्या डिप्लोमा करून मशिनरीत शिरलेले. काय माणूस होता! पेंडीची गोळी चिमटीत धरून नुसती हुंगायचे आणि सांगायचे, सरकी जुनी आलीय, ट्रक परत पाठवा. दूध संघातली कायमची नोकरी सोडून ते आमच्याकडे आले, पण सहजासहजी नाही. "उद्या मला काढलं तर?" म्हणून अडून बसले होते. तेव्हा मालकांनी त्यांच्या नेमणूकपत्रात नववं कलम घातलं — काही गैरवर्तन नसताना कंपनीनं आपणहून काढलं, तर बारा महिन्यांचा पगार एकरकमी द्यायचा. स्वतःहून सोडलं तर काही नाही. कामगाराच्या पाठीशी युनियन असते, कायदा असतो. मॅनेजरला कोण विचारतो? त्याच्यापाशी असतो तो तेवढाच कागद. आणि तो कागद मी टाईप केला होता. तात्यांना त्याचा अर्थही मीच समजावला होता.

आता कळतंय का, मी कुठं चालले आहे? थांबा. मलाही जरा दमानं जाऊ द्या.

तीन वर्षांनी मालकांच्या भाच्याला खुर्ची हवी झाली. तात्यांची चूक काय? काहीच नाही. आधी अकाउंटंट जाऊन बोलून आला, मग एक डायरेक्टर. तात्यांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं: "काढायचं तर काढा की. मी नववं कलम घिऊन जातो." त्यांचं सगळं ठरलेलं होतं. त्या पैशात वडगाव निंबाळकरला गुरांच्या भरड्याची स्वतःची गिरणी टाकायची. जागा बघून झाली होती, गिरणीचा पट्टा कुठल्या बाजूला फिरेल हेसुद्धा ते मला टेबलावर बोटानं काढून दाखवायचे. बावन्न वर्षांच्या माणसाला दुसरीकडे नोकरी कोण देणार? ती गिरणी हेच त्यांचं पुढचं आयुष्य होतं.

मग मालकांनी मला बोलावलं. म्हणाले, राजीनामा आणा. कसा, ते तुम्ही बघा.

मी घाबरले होते का? बाईमाणूस, नोकरीवर गदा येईल म्हणून बिचारीनं केलं — असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. माझ्या नोकरीला काडीचा धोका नव्हता. तात्यांनी मला कधी दुखावलंही नव्हतं, उलट ताई-ताई करायचे. मग का? सांगते. दोन बाप्यांना जमलं नाही ते मला जमतं, हे मला दाखवायचं होतं. बस. एवढंच. मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं का? मला नसतं वाटलं.

आपल्याकडे एक बोलण्याची रीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. सोसायटीचा चेअरमन असो नाहीतर गावचा सरपंच — दुसऱ्याचा नंबर आला की वरून निरोप येतो आणि त्याचा राजीनामा "घेतात". सही त्याचीच असते, पण गावात कुणी म्हणत नाही की त्यानं सोडलं. म्हणतात, त्याचा घेतला. राजीनामा घेतला म्हणजे काढला, यात कुणाला शंका नसते. तात्यांची उमर अशा बोलण्यात गेलेली. आणि कायद्याला हा "घेतला" कळत नाही, कायद्याला फक्त सही कळते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी तात्यांना चहा पाजला. म्हटलं, काढल्याचं पत्र हातात घेऊन घरी जाण्यापेक्षा राजीनामा बरा, मानानं जाता येईल. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "ताई, कंपनी राजीनामा घेतीया म्हंजी कंपनीनंच काढलं की. नवव्या कलमात बसतंय न्हवं?"

मी म्हटलं, "बसतं."

हा माझा गुन्हा. एक शब्द.

पुढचं सगळं मीच सांगितलं, त्यांनी लिहिलं. "स्वखुशीने" या शब्दाशी पेन थांबलं. वर बघून म्हणाले, "खुशी कुठं हाय हितं?" मी म्हटलं, लिहायची पद्धत असते तात्या. त्यांनी लिहिलं. अक्षर सुंदर होतं त्यांचं.

पैसे आले नाहीत. येणार कसे? ते माझ्याकडे आले तेव्हा मी सरळ खोटं सांगितलं की पुण्याच्या वकिलानं शब्दाचा कीस काढला, मलाही अंधारात ठेवलं. माझा चेहरा पडलेला बघून त्यांनीच माझी समजूत काढली! "तुमी जिवाला लावून घिऊ नगा ताई. तुमी तरी काय करणार?" शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते, मला ते जमतं. हे नाही जमलं. मी मान खाली घातली, आणि ते समजले की बाई हळवी आहे.

मला वेगळी केबिन मिळाली. मला ती आवडली. खोटं कशाला बोलू?

गिरणी झाली नाही. तात्या भिगवणच्या मासळी बाजारात काट्यावर बसायला लागले — रोहू किती, कटला किती, वजन पुकारायचं आणि लिहायचं. एकदा रस्त्यात भेटले तर हसून म्हणाले, "नाक ग्येलं ताई माझं. आता समद्याला एकच वास येतुया." मीही हसले. काय करायला हवं होतं मी?

आणि मग दोन हजार साली ते त्यांच्या जावयाला घेऊन माझ्या घरी आले. जावई एका दूध कंपनीत मॅनेजर, त्याच्याकडेही राजीनामा मागत होते. तात्यांनी त्याचं नेमणूकपत्र माझ्या हातात दिलं. म्हणाले, तुमच्याशिवाय कुणाचा भरवसा न्हाय. मी वाचलं. जवळपास तेच कलम. मी जावयाला सांगितलं, सही करू नका, त्यांना काढू द्या. त्यानं ऐकलं, आणि त्याला सगळे पैसे मिळाले.

फिटलं असं म्हणताय मनात? म्हणू नका. ज्याचं घेतलं त्याला मी काही दिलेलं नाही.

त्यांनी मला पणदऱ्याला लेकीच्या घरी जेवायला बोलावलं. मी गेले. जेवणं झाली, तात्यांच्या बायकोनं मला पाटावर बसवलं, ताटात साडी, खण, नारळ. घरचे सगळे भोवती उभे. तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या येळंला ताईस्नी ह्ये ठावं असतं, तर त्यांनी मला बी वाचवलं असतं. व्हय का न्हाय, ताई?"

मी म्हटलं, "हो, तात्या." आणि ओटीसाठी पदर पुढे केला.