गंगाबाईंची मूठ

ओवे गावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गंगाबाईंना कुणी नुसती स्वयंपाकीण म्हणून तर बघावं! पोरं अंगावर धावून येतील. सोळा वर्षं झाली, खिचडी शिजेपर्यंत पोरं शेडच्या ओट्यावर बसतात आणि बाई शेगडीपाशी उभ्या राहून गोष्ट सांगतात. पण गोष्ट ऐन मोक्याला थांबवायची, ही त्यांची जुनी खोड. "त्यानं काय केलं असंल? घरी जाऊन इचार करा. आमी उद्या सांगू."

नवे मुख्याध्यापक दीनानाथ सर, त्यांना हे मुळीच पटेना. गोष्टीला तात्पर्य हवं, ते फळ्यावर लिहायला हवं! त्यांनी बजावलंच होतं, "बाई, स्वयंपाकात एक जरी चूक झाली, तर गोष्टी बंद." सगळ्या पोरांसमोर बजावलं. बाईंच्या मनात आलं, खिचडी काय, कुठंही शिजवता येते. अशी पोरं कुठून आणायची?

त्या दिवशी गोष्ट होती त्यांच्या सासऱ्यांची, मिठागरावर राबणाऱ्या आनंदाबाबांची. भरतीच्या वेळी बाबांचा डोळा लागला, खाडीचं पाणी आत घुसलं, महिन्याभराचं मीठ विरघळून गेलं. पाहिलं कुणीच नव्हतं. सकाळी मुकादमानं सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, चूक कुणाची? "मग बाबा खरं बोलले का नाय? उद्या सांगू!"

बाई मिठागरवाल्यांच्या घरातली. चमचा कसला, मीठ मुठीनंच टाकायचं! आणि ती मूठ गोष्टीच्या नादात हवेत नाचत राहायची, मग कधीतरी टोपात रिकामी व्हायची.

नियमाप्रमाणे आधी सरांनी चव घेतली आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "दुप्पट मीठ! लक्ष गोष्टीत, मग दुसरं काय होणार? आजपासून गोष्टी बंद!"

बाईंनी मान खाली घातली. "चुकलं असंल, सर."

तेवढ्यात तिसरीतली रिया उभी राहिली. एरवी हजेरीलासुद्धा जिचा आवाज फुटत नाही, ती!

"सर, मीठ मी टाकलं. गंगाआजीची मूठ नुसती हवेत होती. मला वाटलं, ती विसरली. तुम्ही गोष्टी बंद केल्या असत्या ना, म्हणून ती वळल्यावर मी टाकलं."

"कुणी पाहिलं तुला?"

"नाही, सर. कुणीच नाही."

गंगाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी पोर हाय ती!" मग वेगळा बिनमिठाचा तांदूळ शिजवून टोपात मिसळला. उशिरा का होईना, सगळे पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी खिचडी शेगडीवर चढली आणि सर खडू बाजूला ठेवून ओट्यावर पोरांमध्येच मांडी घालून बसले. "बाई, आनंदाबाबा खरं बोलले का हो?"

गंगाबाईंनी मिठाची मूठ रियाच्या दिशेनं हलवली. "तिला इचारा, सर. तिला ठावं हाय."