येरवड्याच्या शेडमधला निळा ट्रॅक्टर

निघायच्या दिवशी आमच्या ह्यांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून माझ्या पर्समध्ये टाकलं. "मडगार्डला लावून बघ. चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर आत पुट्टी भरलेली," म्हणाले. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना प्रवास जमणार नव्हता. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणून पुण्याला जायचं मलाच आलं.

वरूडजवळ आमची चार एकर संत्र्याची बाग आहे. झाडं मोठी झाली, फांद्या पसरल्या. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आत शिरला की दर खेपेला ओंजळभर हिरवी फळं खाली पडायची आणि दोन-चार फांद्या मोडायच्या. बैलजोडी हाकायला माणूस मिळेना म्हणून ती विकली. दोन हंगाम बागेत गवत गुडघाभर वाढलं. आता छोटा ट्रॅक्टर तरी घ्यायचा, नाहीतर बाग तरी मोडायची, इथवर गोष्ट आली होती. अमरावतीत छोटा ट्रॅक्टर कुणाकडेच नव्हता. माझा भाचा प्रशांत पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला. त्याने इंटरनेटवर शोधून दामले नावाच्या विक्रेत्याचा पत्ता काढला आणि एक फोटो ईमेलने पाठवला. तो मी वरूडच्या कॅफेत छापून घेतला. छोटा, निळा, द्राक्षबागेत वापरलेला ट्रॅक्टर. पण फोटो असा काढला होता की उजवी बाजू दिसूच नये. मी दहा वेळा पाहिला. दहाही वेळा तेच वाटलं.

सकाळी खाजगी बसने मला कोथरूडला उतरवलं. प्रशांतची सोसायटी नवी, जिन्यालाही रंगाचा वास. खाली ओळीने दुचाक्या आणि प्रत्येकीच्या शेजारी तोंडाला रुमाल बांधून उभा राहिलेला एकेक तरुण. प्रशांत रात्रभर काम करून आलेला, डोळे तारवटलेले.

"मावशी, मी येऊ शकत नाही गं. तिकडे अमेरिकेत सकाळ झाली की आमचं ऑफिस सुरू होतं, आणि दिवसा झोपलो नाही तर मरेन," तो म्हणाला.

"तू या दामल्यांना भेटला आहेस?"

"नाही. साइट चांगली होती पण."

साइट चांगली म्हणजे काय ते मी विचारलं नाही. त्याने कोपऱ्यावरून पोहे आणले. तर्री नव्हती, वर साखर भुरभुरलेली. ज्या गावात पोह्यांना साखर लागते तिथला माणूस ट्रॅक्टर कसा विकत असेल, असा विचार करत मी ते संपवले.

दामल्यांचं ऑफिस शनिवार पेठेत, एका वह्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्याला. बोळ (आपल्याकडची गल्ली, पण त्याहून अरुंद) इतका चिंचोळा की तिथून हातगाडी वळली तरी पुष्कळ. ट्रॅक्टरच्या विक्रेत्याने असल्या ठिकाणी बसावं याचाच मला संशय आला. दारावर लिहिलं होतं: "चौकशी दहा ते बारा. ट्रॅक्टर येथे दिसणार नाहीत." आत साठीचे गृहस्थ, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, टेबलावर पेन्सिलींचा डबा आणि बंद कॉम्प्युटर.

"आपण एकट्याच आलात?" त्यांनी विचारलं.

"दोघं लागतात का?"

"नाही. चालवणार कोण?"

"मी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आधी चालवलाय?"

"शेजाऱ्यांचा मोठा चालवलाय. त्याआधी वीस वर्षं लूना."

"लूना," ते एवढंच म्हणाले आणि काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाले, "ट्रॅक्टर येरवड्याला आहे. उद्या अकरा वाजता दाखवतो."

"आज का नाही?"

"आज तो तयार नाही."

"फोटोत तर तयार होता."

"फोटोत सगळेच तयार असतात."

आगाऊ काही द्यायचं का, असं मी मुद्दाम विचारलं. पैसे मागितले असते तर मी तिथूनच परत फिरणार होते. "कशाबद्दल? आपण अजून पाहिलाय कुठे?" म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजत आले होते. पैसे न मागणारा विक्रेता मला मागणाऱ्यापेक्षा जास्त खटकला. जिना उतरताना ठरवलं, उद्याची वाट पाहायची नाही. तो ट्रॅक्टर आजच्या आज, तयार नसतानाच पाहायचा.

शहर बसचा नंबर दोघांना विचारला. दोघांनी वेगळा सांगितला. तिसऱ्या गृहस्थांनी "पाटी वाचता येते ना?" असं विचारलं. मी तीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं, हे त्यांना सांगत बसले नाही. बसने नदी ओलांडली, मी चुकीच्या थांब्यावर उतरले आणि तुरुंगाच्या लांबलचक भिंतीच्या कडेने भर उन्हात अर्धा तास चालले. वाटेत एका अमृततुल्यात (चहाच्या दुकानाला इकडे असं म्हणतात) आल्याचा दाट गोड चहा घेतला आणि दुकानदाराकडे ट्रॅक्टरच्या शेडची चौकशी केली. त्याने लगेच हात दाखवला, "तो निळा ना?" तेवढ्यानेच मला कळलं की तो निळा बरेच दिवस तिथे उभा आहे.

शेडला दार नव्हतं. ट्रॅक्टर बाहेर अंगणातच होता, उजवं मडगार्ड काढून जमिनीवर ठेवलेलं. पन्नाशीचा एक मेकॅनिक, बबन, खाली बसून क्लच जोडत होता. मी पाणी मागितलं. त्याने माठातलं दिलं. मग मी सहज विचारावं तसं विचारलं, "विकायचा आहे का हा?"

"विकल्यातच जमा हाय. एक बाई येणार हायेत उद्या, लांबून. साहेब म्हणले, क्लच नवा टाक, बेअरिंगं नवी टाक, काही कसर ठेवू नको."

"म्हणजे चांगला माणूस दिसतोय साहेब."

"चांगलाच हाय." बबनने पाना पुसला. "फक्त गिऱ्हाइकासमोर तोंड उघडू नको म्हणलेत."

पुढे त्याने खरंच तोंड उघडलं नाही. मी ग्लास परत दिला आणि निघाले. कोथरूडला पोचेपर्यंत माझ्या मनात दामल्यांच्या सगळ्या लबाड्यांची यादी तयार होती: चोरीचा ट्रॅक्टर, बुडालेला ट्रॅक्टर, दोन ट्रॅक्टर जोडून केलेला एक. ह्यांना फोन केला. ते म्हणाले, "परत ये. बाग मोडू." त्यांचा आवाज इतका खचलेला होता की मला परत जाववेना.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं असताना दामले शेडपाशी उभे होते. बबनने मला पाहिलं आणि मान खाली घातली. दामल्यांच्या ते लक्षात आलं असावं. मडगार्ड बसवलेलं, रंग ताजा. मी पर्समधून चुंबक काढलं. बॉनेटला चिकटलं, डाव्या मडगार्डला चिकटलं. उजव्याला लावलं, ते सरळ माझ्या पायावर पडलं.

"पुट्टी," दामले आपणहूनच म्हणाले.

"कशासाठी?"

"पोचा होता."

मी वर चढले आणि ट्रॅक्टर चालू केला. अंगणात तीन फेऱ्या मारल्या. खोटं कशाला सांगू, तो हाताखाली इतका हलका वळला की झाडांच्या ओळींमधून तो जाताना मला दिसायला लागला. आवाज स्वच्छ, धूर नाही. मनातून तो मी घेऊन टाकला होता. म्हणूनच घाबरले आणि बंद करून खाली उतरले.

"मला याच्या आधीच्या मालकांशी बोलायचंय."

"मालक नाहीत."

"कुठे गेलेत?"

"बाई, नाहीत म्हणजे नाहीत."

बबन कापडाने हात पुसत राहिला. मला समजायला एक क्षण लागला.

"याच्यावरून पडले?"

"याच्याखाली," दामले म्हणाले. "जुन्नरकडची द्राक्षबाग. बांध ओला होता, कडेची माती सुटली. उजवीकडे उलटला."

ऊन चढत होतं. मी ट्रॅक्टरला टेकून उभी होते ती बाजूला झाले.

"हे तुम्ही मला केव्हा सांगणार होतात?"

"विचारलं असतंत तेव्हा."

"आणि नसतं विचारलं तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "तर नसतं सांगितलं. आधी तिघांना सांगितलं. तिघेही हात न लावता गेले. यंत्र चांगलं आहे. मालकांच्या मिसेसना दोन मुली आहेत, विक्रीतलं मी काही ठेवत नाही. आपल्याला पटणार नाही, पण तसं आहे."

मला खरंच पटलं नाही. तीस वर्षं मुलांच्या गृहपाठाच्या सबबी ऐकल्या होत्या. ही फारच चांगली सबब होती. मी म्हटलं, "त्यांना फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर आम्ही तिघं गेलो. दामल्यांनी नंबर फिरवला, "वहिनी, एक बाई बोलतायत" म्हणाले आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन काचेबाहेर जाऊन उभे राहिले. पलीकडचा आवाज बारीक होता. ही बाईसुद्धा त्यांचीच माणूस कशावरून नसेल, असं माझ्या मनात आलंच. मी थेट विचारलं, "ट्रॅक्टर तुमचाच होता हे मी कशावरून समजू?"

ती रागावली नाही. म्हणाली, "डाव्या पायरीच्या आतल्या अंगाला थोरलीनं खिळ्यानं नाव खरवडलंय. स्वाती. त्ये लई ओरडले होते तिला. आता रंगाखाली गेलं असंल, पण हाताला लागंल."

मी फोन चालू ठेवूनच बबनला शेडकडे पाठवलं. तो धावत गेला, परत आला आणि काचेतून होकाराची मान हलवली. तरी नंतर मी स्वतः बोट फिरवून पाहिलंच. अर्धा स, मग वा, मग वेडीवाकडी ती.

"कोण चालवणार हाय?" तिने विचारलं.

"मी."

ती म्हणाली, "बांधाच्या कडंला नेऊ नका, ताई. कडंची दोन हात जमीन पडीक ऱ्हाऊ द्या. तेवढ्यानं काय गरीब होत नाही माणूस."

मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर दामल्यांकडून त्या बाईंचा नंबर लिहून घेतला आणि सांगितलं, घेते. ते "बरं" म्हणाले. मग कागदावर सह्या करताना, मी सांगितलं म्हणून, त्यांनी त्यांच्या सुबक अक्षरात एक ओळ जास्त लिहिली: ट्रॅक्टर एकदा उलटलेला आहे आणि त्यात चालक दगावलेला आहे, हे खरेदीदारास माहीत आहे. लिहून झाल्यावर त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "हे मी आधीच छापून घ्यायला हवं होतं," म्हणाले.

ट्रॅक्टर ट्रकवर चढवला आणि मी ड्रायव्हरशेजारी केबिनमध्येच बसले. प्रशांतने बसचं तिकीट काढून ठेवलं होतं, ते वाया गेलं. नगर, जालना, मेहकर. प्रत्येक ढाब्यावर उतरून मी दोर आवळलेले आहेत ना ते पाहत होते. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "मॅडम, खाऊन टाकणार नाही मी त्याला." मेहकरच्या पुढे झणझणीत शेवभाजी मिळाली, आणि आपला मुलूख आल्याचं जिभेला आधी कळलं.

घरी पोचलो तेव्हा अर्धी आळी जमली होती. नारळ फुटला, कुंकू लागलं. ह्यांनी काठी टेकत भोवती चक्कर मारली आणि हळूच विचारलं, "फसवलं तर नाही ना?"

नाही म्हणून मोकळं होणं फार सोपं होतं. बायका ओवाळत होत्या, हे कितीतरी दिवसांनी हसत होते. त्या क्षणी मला दामले पुरते कळले, आणि ते कळणं मला मुळीच आवडलं नाही. माणसं पांगेपर्यंत मी गप्प राहिले. मग ओसरीवर बसून सगळं सांगितलं, बांधापासून फोनपर्यंत, आणि ती ओळ लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला.

पुण्याचा विचार करते तेव्हा अजूनही ठरवता येत नाही, त्या माणसाने मला फसवायला घेतलं होतं की तो नुसता थकलेला होता. मी चुंबक लावलं नसतं तर कदाचित सुखाने ट्रॅक्टर चालवला असता. बांधाच्या अगदी कडेपर्यंत.

ह्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि अंगणातल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. मला वाटलं, आता परत पाठवू म्हणतील. ते म्हणाले, "त्या बाईंचा नंबर आहे ना तुझ्याकडे? नीट पोचला म्हणून कळवायला हवं." आणि काठी घेऊन फोनकडे निघाले.