सामान नाही, मुक्काम नाही

या सदरातले अनुभव मी डबा खाता खाता वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. मी वेब डेव्हलपर आहे. एखादी गोष्ट अशी का झाली हे शोधणं, हेच माझं दिवसभराचं काम. आणि कारण सापडतंच. कुठेतरी एक स्वल्पविराम राहिलेला असतो, नाहीतर कुणीतरी जुनी फाईल चढवलेली असते. त्यामुळे भास, भुतंखेतं यांना माझ्या डोक्यात कधी जागाच नव्हती. तीनेक वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारचं कारण मात्र मला अजून सापडलेलं नाही.

आमचं गाव बीदर जिल्ह्यातल्या भालकीपासून बारा किलोमीटरवर. घरी मेंढरं. आई मी दोन वर्षांचा असताना गेली. मी शाळेत गेलो, कारण माझी मोठी बहीण, अक्का, गेली नाही. ती कळपामागे हिंडली आणि मी पदवीधर झालो, आमच्या घराण्यातला पहिला. हे मी कुणालाही सांगतो, सांगायला बरं वाटतं. पुढे तिला गावातच दिली. दाजी साध्या स्वभावाचे, शेतीत राबणारे.

आमच्या गावात एक पद्धत आहे. बस थांब्याजवळच्या कडुलिंबाला शाळेचा एक जुना फळा टांगलेला आहे. बाहेरगावी राहणारं कुणी आलं की आमचे निवृत्त माणिक गुरुजी त्यावर खडूने लिहितात — नाव, कुठून आले, सामान किती, मुक्काम किती. ज्यांची पोरं पुण्याला किंवा हैदराबादला आहेत ते परत जाणाऱ्याच्या हाती ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी पाठवतात. म्हणून त्याच्याकडे ओझं किती आणि तो निघणार कधी, हे कळायला हवं. गुरुजींचा नियम एकच... माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय खडू उचलायचा नाही. त्या फळ्यावर "येणार" असं कधीच नसतं. फक्त "आले".

पुण्याला नोकरी लागल्यावर मी त्या फळ्याचा ब्लॉग करून दिला. गुरुजी सोमवारी आणि शुक्रवारी भालकीच्या नेट कॅफेत जायचे आणि एका बोटाने सगळं टाईप करायचे. पासवर्ड त्यांना आणि मला, दोघांनाच माहीत. ब्लॉगला फीडही जोडला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — आपण रोज जाऊन ब्लॉग उघडायची गरज नसते, तिथे काही नवीन लिहिलं की ते फीडमधून आपल्या संगणकावरच्या फीड रीडरमध्ये आपोआप येऊन पडतं. वेबवरची ही गोष्ट मला फार प्रामाणिक वाटायची. कुणी लिहिलं तरच येतं, नाही लिहिलं तर गप्प. गावाकडचं कोण कोण गावी जाऊन आलं, ते मी पुण्यात बसून वाचायचो. स्वतः मात्र दोन वर्षं गेलो नव्हतो. प्रत्येक वेळी पुढच्या महिन्याचा वायदा.

त्या मंगळवारी आमची एक साईट सुरू व्हायची होती. सकाळपासून मी मीटिंगमध्ये होतो. दुपारी तीनच्या सुमारास जागेवर येऊन फीड रीडर उघडला, तर गावच्या ब्लॉगची एक नवी नोंद दिसली. वेळ सकाळी अकरा चाळीस.

"आज आलेले : मल्हारी, पुण्याहून. सामान नाही. मुक्काम नाही."

मल्हारी म्हणजे मी.

मला हसू आलं. वाटलं, गुरुजींचा काहीतरी घोटाळा झाला. चेष्टा करावी म्हणून फोन लावला, तर त्यांनीच मला झापलं.

"काय रे, मोठा साहेब झालास व्हय? बसमधून उतरलास, मी हाक मारली, नुसता हात वर केलास. अन् थांबला पण न्हाईस."

मी म्हटलं, गुरुजी, मी पुण्यात आहे, ऑफिसात. ते म्हणाले, बरं बरं, आता असशील. मग मी विचारलं की ब्लॉगवर कधी टाकलंत? तर म्हणाले, आज मंगळवार, मी भालकीला गेलोच नाही. फळ्यावर तेवढं लिहिलंय.

मी ब्लॉग उघडला. ती नोंद तिथे नव्हती. फीडची फाईल उघडून ओळ न् ओळ पाहिली, शेवटची नोंद सोमवारचीच होती. ब्लॉगवर त्या दिवशी कुणीच लॉगिन केलेलं नव्हतं. फीड रीडरमधल्या नोंदीवर क्लिक केलं की "पान सापडले नाही" असं यायचं. पण तिथे ती होती. मी तिचा प्रिंट काढून ठेवला.

मग दाजींना फोन केला. आणि जे मला दोन महिने कुणी सांगितलं नव्हतं ते तेव्हा कळलं. अक्काच्या पोटात गाठ होती. उदगीरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं आणि ती ऐकत नव्हती. चाकू लावून घेणार नाही, मरायचं तर घरात मरेन, हेच धरून बसली होती. मला कळवलं तर खबरदार, अशी तंबीही तिनेच सगळ्यांना दिली होती. माझं काम बिघडू नये म्हणून.

"पण तू आलास ते बरं झालं बघ," दाजी म्हणाले. "मी शेतात होतो, भेट झाली न्हाई. तू सांगितल्यावर तयार झाली ती. उद्या न्यायलोय उदगीरला."

मी म्हटलं, दाजी, मी आलोच नाही.

मागे भांड्यांचा आवाज येत होता, अक्का बहुतेक पिशवी भरत असावी. दाजी हळूच म्हणाले, "कोण आलतं ते मागून बघू. आता तिला हे सांगू नको. फिरंल ती."

मी नाही सांगितलं. साईट सोबतच्या माणसावर सोपवली आणि मिळेल त्या गाडीने उदगीरला निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा अक्का खाटेवर बसली होती. मला बघून तिला आनंद झाला, पण नवल वाटलेलं दिसलं नाही. "कालच गेलास अन् परत आलास? कामाचं काय केलास?" एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरून बसलो. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर नंतर दाजींना म्हणाले की आणखी आठ दिवस काढले असते तर अवघड होतं.

तेव्हापासून मी हे जुळवतोय. गुरुजींना मोतीबिंदू आहे, त्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी पाहिलं असेल. अक्काला त्या दिवशी ताप होता, तिला भास झाला असेल. फीडमध्ये काहीतरी तांत्रिक गडबड असेल. एकेकटं घेतलं तर प्रत्येकाला उत्तर आहे. तिन्ही एकत्र ठेवली की माझी मती चालत नाही. ऑफिसातल्या एका सीनियरला प्रिंट दाखवला, तर तो म्हणाला, कॅश असेल रे, जुनं काहीतरी राहिलं असेल. पण कॅशमध्ये, म्हणजे संगणकाने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीत, तेच राहतं, जे कधीतरी कुठेतरी होतं... अकरा चाळीसला मी पुण्यात मीटिंगमध्ये होतो. समोर चार माणसं बसली होती.

टाके निघाल्यावर एकदा अक्काला सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी मी काय म्हणालो होतो? ती हसली.

"इसरलास? उंबऱ्यावरच बसलास. आत ये म्हणलं तर आला न्हाईस. 'अक्का, जा, करून घे,' एवढंच म्हणलास अन् उठलास." मग जणू मनात राहून गेलेलं विचारावं तसं तिने विचारलं, "तांब्या भरून दिलता. पाण्याला हात पण लावला न्हाईस. कामून रे?"

मी म्हटलं, घाई होती.

तिला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तरी काय, हेच कळत नाही. आता दर दोन महिन्यांनी गावी जातो. गुरुजी माझ्या हातातल्या पिशव्या मोजून फळ्यावर लिहितात. घरी पोचलो की उंबरा ओलांडून आधी आत जातो, अक्काच्या हातून तांब्या घेतो आणि तिच्यासमोर उभा राहून सगळं पाणी पितो. तहान असो नसो.