माझ्या हातची कोशिंबीर

आमच्या सानपाड्याच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बायको जन्मापासून शाकाहारी. मी बाहेर चिकन खातो हे तिला ठाऊक आहे. त्यावरून बावीस वर्षांत भांडण झालेलं नाही. ती एके दिवशी ओट्यापाशी झटके येऊन कोसळली, एमआरआयमध्ये मेंदूत आठ मिलिमीटरची गाठ दिसली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा डुकराच्या मांसातून येणारा चपटा कृमी आहे, तेव्हा त्यामुळेच तिला ते पटेचना.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. अर्धवट शिजलेलं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो आणि त्याची अंडी शौचातून बाहेर पडतात. त्या माणसाने हात नीट धुतले नाहीत तर ती अन्नात जातात. ते अन्न खाणारा शाकाहारी असला तरी त्याच्या मेंदूत गाठ होऊ शकते. मग त्यांनी विचारलं, घरात स्वयंपाकाला कोणाकोणाचा हात लागतो?

"पोळ्यांना बाई येतात," बायको लगेच म्हणाली.

मी मान डोलावली.

तीन वर्षांपूर्वी उलव्याच्या पुढे ऑफिसातल्या मित्राच्या शेतावर आम्ही डुकराचं मांस सळईवर भाजून खाल्लं होतं. मी पाच तुकडे खाल्ले. शेवटचे दोन आतून गुलाबी होते आणि ते मला तेव्हाही दिसलं होतं. पुढे शौचाच्या वेळी नखाएवढे पांढरे, चपटे तुकडे पडू लागले. मी मोजले आहेत, चार वेळा. दुकानातून जंतांची एक गोळी आणून घेतली आणि विषय संपवला. घरात बोललो नाही.

रविवारची कोशिंबीर माझ्याकडे असते. काकडी सुरीने चोचवून बारीक करायची, मीठ लावायचं, दहा मिनिटांनी दोन्ही हातांनी पिळायची आणि कूटही हातानेच कालवायचा. चमच्याने कालवणाऱ्यांना मी हसायचो. काकड्या तीन पाण्यांतून धुवायचो. त्याआधी स्वतःचे हात दरवेळी साबणाने धुतले होते का, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची आणि बाईंची शौचतपासणी सांगितली, एक दिवस आड तीन नमुने. रिपोर्ट येईपर्यंत बायकोने बाईंना कामावर येऊ नका असं कळवलं. बाईंना नमुन्याच्या डब्या द्यायला मीच इमारतीखाली गेलो. नाव कुठे लिहायचं, किती वाजेपर्यंत नमुना पोचवायचा, सगळं बारकाईने सांगितलं. बाई इथल्याच जुन्या गावातल्या, सहा वर्षं आमच्याकडे आहेत. डब्या पदराखाली घेत त्यांनी विचारलं, "माझ्यावर संशय हाय का, दादा?"

सगळ्यांचीच तपासणी आहे, असं मी म्हणालो. ते खरंही होतं.

पुढचे दिवस मला एका जागी बसवेना. ऑफिसात एकाच तक्त्याची बेरीज तीनदा चुकली. गुरुवारी बायकोचा आणि बाईंचा रिपोर्ट आला, दोन्ही स्वच्छ. तरी मेहुणीने फोनवर बहिणीला सांगितलं की रिपोर्टचं काय सांगावं, तू आपली दुसरी बाई बघ. सोमवारपासून नवी बाई ठरली. शनिवारी दुपारी माझा रिपोर्ट मिळाला. त्यात लिहिलं होतं, कृमीची अंडी आढळली. लॅबच्या पायरीवर उभा राहून मी तो चार वेळा वाचला.

घरी येऊन कागद बायकोपुढे ठेवला आणि शेतावरच्या जेवणापासून सगळं सांगितलं. तिने कागद उचलून वाचला.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात," ती म्हणाली. मग उठून तिने चपला घातल्या. "चला. आधी त्यांना सांगा. माझं नंतर बघू."

बाईंच्या दारात मी पुन्हा सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"वहिनी, उरलेली कोशिंबीर तुम्ही मला सोमवारी डब्यात द्यायच्या," त्या म्हणाल्या. "मी पन खाल्ली हाय. पोरगी तर भाकरीसंगती तीच मागायची."

तीन वर्षांचे सोमवार दीडशेच्या वर होतात. तिथेच उभं राहून मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांचं म्हणणं होतं की काही त्रास नसेल तर आज मेंदूच्या तपासणीची गरज नाही, पण डोकं सतत दुखलं किंवा झटका आला तर लगेच आणा. ऐकलं ते मी एक शब्द कमी न करता बाईंना सांगितलं.

"किती दिवस लक्ष ठेवायचं?"

"काही वर्षं. नक्की आकडा त्यांनाही सांगता येत नाही."

बाईंनी मुलीला हाक मारली. ती आतून पुस्तक मिटत आली, चौदा-पंधरा वर्षांची असेल. बाई म्हणाल्या, हात सरळ पुढं धर बघू. तिने धरले. बाई वाकून एकेक बोट थरथरतंय का ते बघू लागल्या आणि बायकोही पुढे झाली.

"काय झालंय?" मुलीने विचारलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला सुरुवात केली.