चारही कार्डांना एकच फोटो

घमापूरच्या आमच्या एक्स-रे सेंटरात कॉम्प्युटरचं सगळं आमचे ऑपरेटर भैयाच बघतात. पाटन-मझौलीकडून आलेल्या पेशंटांच्या छातीचे फोटो मी काढते, भैयांचं एआय मॉडेल ते फोटो वाचतं आणि डाग असेल तर सांगतं. पूर्वी कॉम्प्युटरमधल्या एकाच ग्राफिक्स कार्डावर त्या मॉडेलचं काम चालायचं आणि बाहेर माणसं ताटकळायची. मग त्यांनी चार कार्डं बसवली, चारही कार्डांवर तेच मॉडेल चढवलं आणि पंगतीत वाढावं तसे फोटो वाटून द्यायला लागले. बटण दाबताना दर वेळी पुटपुटायचे, "चलो, वाटून घ्या रे."

मी एकदा विचारलं होतं, "भैया, चार जणांनी बघितलं तर उत्तर जास्त पक्कं होत असेल ना?"

"काहून होईल दीदी? डोकं एकच आहे. हात चार झाले, बस."

गेल्या आठवड्यात त्यांच्या बायकोचा फोटो मीच काढला. बाहेरच्या बाकावर त्या तोंडाला पदर लावून खोकत बसल्या होत्या. त्या दिवशी ते काही पुटपुटले नाहीत. तो एकच फोटो त्यांनी एकेक करून चारही कार्डांना दिला. पहिल्याने डावीकडे मोठा डाग सांगितला. दुसऱ्यानेही तोच सांगितला, तिसऱ्यानेही. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते.

"चौथ्याला टाइम लागून राहिला," ते म्हणाले.

चौथ्याचंही तेच उत्तर स्क्रीनवर केव्हाचं आलेलं होतं.