फ्रिजपुढचं शून्य

चूक वेंडेलची होती, आणि ती त्याने पाकिटाच्या पाठीवर स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवली होती. नेब्रास्कात चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस. ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळ्यापुरता राहायचा ट्रेलर लावण्याआधी त्याने रोज किती वीज लागेल ते मांडून काढलं. दिवे इतके, पंप इतका, झोपताना बायकोच्या, नोरीनच्या, तोंडावर लागणारं श्वासाचं यंत्र इतकं. फ्रिजपुढे ठसठशीत शून्य, कारण ट्रेलरमधला फ्रिज सिलिंडरच्या गॅसवरही चालायचा. छतावरची सोलर पॅनेलं याच्या दीडपट देणार होती.

तिसऱ्या पहाटे बॅटरी संपली, यंत्र बंद पडलं आणि नोरीन उजाडेपर्यंत खुर्चीत ताठ बसून राहिली.

"आज पुन्हा बंद पडलं तर उद्या घरी," कॉफी ओतत ती म्हणाली. "बर्फ तर बर्फ. तिथे भिंतीत वीज तरी आहे."

 या एका हिवाळ्याची वेंडेल सहा वर्षं वाट पाहत होता. त्याने पॅनेलं पुसली, वायरी ओढून पाहिल्या, लख्ख आभाळालाही दोन शिव्या घातल्या. ते ऐकून शेजारची ट्रूडी आपली खुर्ची उचलूनच आली. बाई पोस्टातून निवृत्त झालेली, आणि हा तिचा इथला बारावा हिवाळा.

पाकीट वाचून तिने विचारलं, "मेकॅनिकसाहेब, ट्रेलरची जाड वायर कुठे खुपसलीय?"

"इन्व्हर्टरमध्ये. आतले सगळे प्लग चालतात!" वेंडेलची छाती जरा फुगलीच.

"आणि फ्रिजचं बटण?"

"ऑटोवर. वीज नसली की आपोआप गॅसवर जातो."

ट्रूडी इतकी हसली की खुर्चीचे पाय वाळूत रुतले. "अहो, फ्रिजला वाटतंय तुम्ही कॅम्पच्या विजेच्या खांबाला जोडलाय! प्लगात वीज दिसल्यावर तो गॅस कशाला जाळेल? बाकी सगळ्यांनी मिळून खाल्ली नसेल तेवढी तुमच्या शून्याने खाल्ली."

"याच्या बसमधून मुलं शाळेत कशी पोचायची, देव जाणे," नोरीन म्हणाली.

वेंडेलने जाड वायर उपटली, फ्रिज गॅसवर टाकला आणि श्वासाचं यंत्र तेवढं इन्व्हर्टरला लावलं. दिवसभराच्या उन्हात बॅटरी जेमतेम अर्धी भरली.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. शेजारी यंत्र मांजरासारखं घुरघुरत होतं, बॅटरीत एकतीस टक्के उरले होते, आणि नोरीन घोरत नव्हती, नुसती झोपली होती. छातीवरून अख्खी बस उतरल्यासारखं वाटलं त्याला. साडेसातला उठून तिने पॅनकेक मागितले. घराचं नावही काढलं नाही.

ट्रूडीने फी आधीच सांगितली होती. शनिवारी शेकोटीपाशी उभं राहून आपलं शून्य आपल्या तोंडाने सगळ्यांना सांगायचं. "इथे सगळ्यांनी आपापलं सांगितलंय. मीसुद्धा."

पहिल्या शनिवारी वेंडेलचा घसा बसला. दुसऱ्या शनिवारी वारा फार होता. तिसऱ्या शनिवारी त्याने लाकडं नेऊन टाकली आणि "पंप बघून येतो" म्हणत सटकला.

त्याची खुर्ची ट्रूडी अजून दर शनिवारी मांडते.