नलूचं भाषण माझ्या तोंडून

अंगात येणं वगैरे म्हटलं की मला अजूनही हसू फुटतं. आमच्या घरात देवाला नमस्कारसुद्धा घाईघाईत व्हायचा! तरीही हे लिहितेय, कारण ते माझ्याच बाबतीत घडलं...

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी मॅट्रिकला, राहायला गिरगावात. वाडीतल्या गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धा होती, विषय – ‘विद्यार्थ्यांच्या मनावरील ताण’. सर म्हणाले, “मनचं काही बोलू नकोस, वर्गातल्या मुलींना विचार.” मग काय, मधल्या सुट्टीत डबा घेऊन मी एकेकीच्या शेजारी! कोणाला भूमितीची धास्ती, कोणाला मावशीने आणलेल्या स्थळाची. एकीला तर मोर्च्यात जाणाऱ्या भावापेक्षा त्याला शिव्या घालणाऱ्या आजोबांचा ताण जास्त.

फक्त नलू बोलली नाही. माझी लाडकी मैत्रीण, काळाचौकीची. वडील सत्याग्रहात तुरुंगात, म्हणून त्या वर्षी घरचं कोणी गणपतीला गावीही गेलं नव्हतं. विसर्जन झालं की काका येऊन नलूला कोकणात नेणार होता, शाळा कायमची बंद. “तुला काहीच वाटत नाही?” मी विचारलं. तिने माझ्या डब्यात भाकरीचा तुकडा ठेवला आणि उठून गेली.

स्पर्धेला मी तिला आणि तिच्या आईला आग्रहाने बोलावलं. भाषण मला तोंडपाठ होतं. “अध्यक्ष महाराज...” इथपर्यंत ठीक. पुढे मात्र मी बोलले ते असं –

“आये, माका गावाक धाडू नको. तू रडतस तेव्हा मी जागीच आसतंय. तू शोधतस ती बाबांची तंबाखूची डबी माझ्या उशाखाली आसा. तुका वायट वाटात म्हणान सांगूक नाय.”

मालवणी मला तेव्हा धड समजायचीही नाही हो! मांडवात कोणीतरी ओरडलं, “पोरीच्या अंगात आलं!” सरांनी कपाळाला हात लावला. नलू पांढरीफटक. आणि तिची आई उभी राहून, माझ्याकडे नाही, नलूकडे बघत म्हणाली, “धाडूचंय नाय गे बाय... खयच धाडूचंय नाय.”

मग दोघी मायलेकी मांडवातच गळ्यात पडून रडल्या. मीही रडले – का, ते न कळता. बक्षीस अर्थातच दुसऱ्या कोणाला.

डबी उशाखालीच निघाली. नलू शपथेवर सांगते, तिने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. ती मुंबईतच राहिली, मॅट्रिक झाली, शिक्षिका झाली.

हे कसं झालं, ते ना तिला ठाऊक ना मला. शास्त्रीय कारण सुचवणाऱ्यांचं म्हणणं मी आनंदाने ऐकेन. एवढं मात्र सांगते, नंतर नलूने मला मालवणी शिकवायचा किती खटाटोप केला... आजही मी एक वाक्य बोलले की ती पोट धरून हसते आणि म्हणते, “ऱ्हवांदे गो, तुका जमूचा नाय!”